आप्पांच्या फोटोखालची भिंत

रंभामावशींनी त्यांच्या सुनेच्या, जयश्रीच्या, वडिलांना फोन केला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर गवार निवडत बसले होते. फोनवर त्या फार बोलल्या नाहीत. "रविवारी या. पोरीला घेऊन जा. समोर बसून बोलू." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या ताटातली गवारीची शेंग उचलून कटकन मोडली.

"काय झालं मावशी?"

"व्हायचं काय? दोष लपवून पोर दिली आम्हाला. अंगावर बघितलंस का तिच्या?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. तो थांबला. जयश्रीने ऐकलं होतं.

सुरतजवळच्या उधन्यातल्या आमच्या सोसायटीत घराला घर लागून आहे. माझे वडील अकोल्याकडून रेल्वेत कामाला आले आणि इथेच राहिले. मावशींचं कुटुंब शहाद्याकडचं. पोपटकाका डाइंग मिलमध्ये आहेत, आणि त्यांचा मुलगा हितेश लूम्सच्या कारखान्यात. त्याची एक आठवडा दिवसपाळी असते, एक आठवडा रात्रपाळी. हितेशला मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, म्हणून तो मला अजून टीचर म्हणतो. मी प्राणिशास्त्र शिकले. किडे, मुंग्या, गोगलगाई यांत मला लहानपणापासून रस. सोसायटीत कुणाच्या घरी विचित्र किडा निघाला की डबीत घालून माझ्याकडे आणतात.

हितेशचं लग्न मार्चमध्ये झालं. पोपटकाकांचे वडील, दगाआप्पा, दिवाळीनंतर गेले होते. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. म्हणून घाई झाली. आप्पांची खाट, गादी, पांघरुणं त्यांच्या तेराव्याला दान गेली होती आणि त्यांची मागची खोली तेव्हापासून बंद होती. ती उघडून, रंग न लावता नुसती धुऊन, नव्या जोडप्याला दिली. जयश्रीच्या माहेरून आलेला नवा पलंग तिथे लागला. आणि लग्नाला पंधरवडा झाला नाही तोच तिच्या अंगावर गांधी उठायला लागल्या.

एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. मलमाने खाज कमी व्हायची, दुसऱ्या दिवशी नव्या गांधी दिसायच्या. कुणीतरी म्हणालं, सुरतचं पाणी मानवत नाही. कुणीतरी म्हणालं, साडीच्या खळीने होतं. मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा निकाल केला.

मी ताट बाजूला ठेवून आत गेले. जयश्री भिंतीला टेकून उभी होती. विशीतली, बारीक अंगाची, बोलायला हळू. मी तिला हात दाखवायला सांगितला. तिने ओढणी सारली. दंडावर तीन गांधी, एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारख्या. मानेवर तशीच एक ओळ. पायांवर काही नाही.

ॲलर्जी अंगावर कुठेही पसरते. डास जिथे बसेल तिथे चावतो. ओळीत चालत, थांबत, पुन्हा टोचत जाणारा प्राणी मला माहीत होता.

"मावशी," मी हाक मारली. "हे ढेकणांचं आहे."

मावशी दारात आल्या. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"मना घरमा ढेकून?" रागावल्या की त्या अहिराणीवर जातात. "काय सांगी ऱ्हायनी तू? विशाखा, या फरशीवर भात वाढते, चाटून घे! ढेकूण पोरांच्या मेसमध्ये असतात, एकाच खाटेवर दोन-दोन पाळ्या झोपतात तिथं. माझ्या घरात नाही."

"ढेकणाला घाण लागत नाही मावशी. त्याला फक्त माणूस लागतो. लख्ख घरातही तो मजेत राहतो."

"मग हितेशला का चावत नाही? तो काय माणूस नाही?"

हितेश रात्रपाळीहून येऊन नुकताच उठला होता. केस उभे. तो बाहेर येऊन म्हणाला, "टीचर, मला तर मच्छर पण नाही चावत. मेरा खून कडवा है."

"चावत असतील. तुझ्या अंगावर उठत नाही, एवढंच. ढेकूण टोचतो तेव्हा कळत नाही. नंतर गांध उठते ती त्याच्या थुंकीला आपलं अंग जे उत्तर देतं, त्याची. काहींचं अंग उत्तर देतं, काहींचं देतच नाही. एका अंथरुणात दोघं झोपली आणि एकाच्याच अंगावर उठलं, हे अगदी नेहमी होतं."

"बरं," मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आखाजीला माहेरी गेली तेव्हा? आठ दिवसांत अंग चकाचक. परत आली, की चालू. हे नाटक नाही तर काय?"

"हाच तर पुरावा आहे, मावशी. अक्षय्य तृतीयेला ती इथून गेली, चावणारं इथंच राहिलं. दोष अंगात असता तर तो तिच्याबरोबर नंदुरबारला गेला असता."

मावशींनी पदर खोचला.

"मग दाखव," त्या म्हणाल्या. "एक ढेकूण धरून दाखव. रविवारच्या आत."

शनिवारी पोपटकाका घरी आल्यावर मी भिंग, बॅटरी आणि पत्त्यांतला एक जुना पत्ता घेऊन गेले. फटीतून पत्ता फिरवला की आत बसलेलं बाहेर येतं. काकांनी गादी उचलून धरली. मी तिची शिवण बोटभर बोटभर बघत गेले, कारण ढेकणाला शिवणीची घडी फार आवडते. तिथे टाकलेल्या काती सापडतात, ढेकूण मोठा होताना सोडतो त्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. तिथेच काळे ठिपके सापडतात, त्याच्या विष्ठेचे. गादीत काही नव्हतं. पलंगाचे सांधे पाहिले, स्क्रूची भोकं पाहिली, उशाकडची फळी सोडवून तिची मागची बाजू पाहिली. सनमायका लावलेला चकचकीत पलंग. एक कात नाही, एक अंडं नाही. चादरीवर मात्र उशीजवळ दोन-तीन लालसर ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे.

"खाजवून रक्त काढते ती," मावशी म्हणाल्या. त्या सगळा वेळ दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "झालं का समाधान, टीचरबेन? की फरशी पण उखडू?"

काका ओशाळून म्हणाले, "असू दे गं. तिने बघितलं, नाही सापडलं."

"ढेकूण न सापडणं आणि ढेकूण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काका," मी म्हटलं.

पण घरी येताना मी हिशोब जुळवत होते. पलंग स्वच्छ आहे आणि माणसाला चावतंय, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणजे ते पलंगावर राहत नव्हते. पलंगावर फक्त जेवायला येत होते.

संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर जयश्री तिथेच होती. वाळलेल्या साड्या खांद्यावर टाकून ती उधना स्टेशनच्या बाजूला बघत होती. तिथून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो.

"बॅग भरून ठेवली," ती म्हणाली. "आईंनी सांगितलं, सगळं भर. पलंग पण मागून पाठवून देतील."

"तू जाणार?"

"दादांना बोलावलंय तर दुसरं काय करू?" वडिलांना ती दादा म्हणते. मग हळू आवाजात, "ताई, खरं सांगू? मला पण आता वाटायला लागलंय, माझ्यातच काहीतरी आहे. अशानं कुणी परत बोलावेल का?"

"तुझ्यात काही नाही. मला एक सांग. पलंगावर तुझं डोकं कुणीकडे असतं?"

"भिंतीकडे. आप्पांच्या फोटोखाली."

"रोज? उकडतं म्हणून पंख्याखाली, खिडकीकडे कधी नाही?"

"नाही ना. पंखा पायाकडे आहे. पण आईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, आप्पांकडे पाय करायचे नाहीत. उशी फोटोखालीच."

मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. गांधी मानेवर, दंडावर, खांद्यावर. पायावर एकही नाही. त्या खोलीत सगळं धुतलं गेलं होतं, खाट गेली होती, गादी गेली होती. फक्त एक वस्तू अशी होती जिला मावशींचं फडकं समोरून लागत होतं आणि मागून कधीच लागलं नव्हतं.

"उद्या सकाळी खोली आवरू नकोस," मी तिला म्हटलं.

रविवारी सकाळी मी कापूस आणि वाटीभर पाणी घेऊन गेले. मावशी देवपूजा आटोपून मागच्या खोलीत आप्पांच्या फोटोला उदबत्ती ओवाळत होत्या. मोठी लाकडी चौकट, चंदनाचा हार, आणि आत पांढरी टोपी घातलेले आप्पा, कॅमेऱ्याकडे जरा संशयाने बघणारे. खोलीत चंदनाचा वास होता. त्या वासाखाली आणखी एक वास होता, गोडसर, कुजत आलेल्या कोथिंबिरीसारखा. आदल्या दिवशीही तो आला होता. आदल्या दिवशी मी त्याला हाराच्या नावावर सोडून दिलं होतं.

"मावशी, चौकटीखाली भिंतीवर हे काळे ठिपके कशाचे?"

"उदबत्तीची काजळी. रोज पुसते, रोज येते."

"बघू?" मी कापूस ओला केला. चौकटीला हात न लावता, खालच्या भिंतीवरचा एक ठिपका मी कापसाने दाबला आणि ओढला. चुन्यावर एक रेघ उमटली. ती काळी नव्हती. गंजासारखी तांबूस होती आणि कडेला पसरत होती, टीपकागदावर शाई पसरते तशी.

पोपटकाका मागे येऊन उभे होते. त्यांनी कापूस माझ्या हातातून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आयुष्यभर कापडाला रंग चढवणारा माणूस.

"काजळीला असा रंग सुटत नाही," ते म्हणाले. "हे काय आहे?"

"पचलेलं रक्त, काका. ढेकणाच्या पोटातून आलेलं. काजळी कोरडी असते, ती नुसती फासली जाते. हे पाण्यात विरघळतं."

मावशींच्या हातातल्या उदबत्तीची राख फरशीवर पडली, आणि ती त्यांनी पुसली नाही.

"फोटो उतरवावा लागेल," मी म्हटलं.

"नाही." त्या लगेच म्हणाल्या. "वर्षश्राद्धाशिवाय आप्पांचा फोटो उतरत नाही. हार बदलायचा, काच पुसायची, बस. तू म्हणतेस आप्पांच्या मागे... आप्पांच्या?" त्यांना तो शब्द उच्चारता येईना.

मी मागे सरले. तो फोटो उतरवणं माझं काम नव्हतं. मावशींनी माझ्या हाताचं पाणी कधी नाकारलं नव्हतं. तरी त्यांच्या घरातल्या देवाला आणि पितरांना मी हात लावत नाही, हे आम्हा दोघींना न बोलता ठाऊक आहे.

काका फोटोकडे बघत होते. "रंभा," ते म्हणाले, "आप्पा सांगायचे ना?"

"काय?"

"शेवटी शेवटी. रोज सकाळी. पोपट, अंगावर काही चालतं रे. ढेकूण आहेत रे खाटेत. आपण म्हणालो, भ्रम झालाय."

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या.

"डॉक्टरच म्हणाले होते, या वयात असं होतं," त्या म्हणाल्या, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "अंगावर तर काही दिसत नव्हतं त्यांच्या."

"म्हाताऱ्या अंगावर बहुतेक वेळा काही उठत नाही," मी सांगितलं. "खाट गेली तेव्हा बरेचसे खाटेबरोबर गेले असतील. भिंतीच्या भेगांत जे होते ते राहिले. खोली बंद झाली, माणूस नाही, अन्न नाही. ढेकूण महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, थंडीच्या दिवसांत तर जास्तच. मग लग्नाआधी खोली उघडून तुम्ही फोटो लावलात. लाकडाची चौकट, मागे प्लायवूड, मध्ये अंधारी फट. त्यांना याहून चांगली जागा मिळाली नसती. आणि मग मार्चमध्ये त्याच्या बरोबर खाली कुणाचं तरी डोकं आलं."

हितेश कधी येऊन दारात उभा राहिला होता ते कळलं नाही. तो म्हणाला, "आप्पांजवळ मीच झोपायचो, सहा महिने. म्हणजे मला..."

"हो. तुझं अंग त्यांना तेव्हापासून ओळखतं, म्हणून आता उत्तर देत नसेल."

काकांनी चपला काढल्या, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "आप्पा, माफ करा." मी मावशींकडे परात मागितली. त्या उठल्या नाहीत. जयश्रीने आणली, मी सांगितलं तसं त्यात पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घातली. काकांनी फोटो खिळ्यावरून उचलला, परातीवर आडवा धरला आणि मागचा कागद टरकावला.

ते तिथे होते. प्लायवूडच्या कडेने, एकमेकांना चिकटून, मसुराच्या डाळीसारखे चपटे तांबूस. मध्येच टम्म फुगलेले, काल रात्री जेवलेले. आजूबाजूला पापुद्र्यासारख्या काती, काळ्या ठिपक्यांची दाट नक्षी, आणि कोपऱ्यात खसखशीएवढी पांढरी अंडी लाकडाला डकवलेली. उजेड पडताच ते सैरावैरा निघाले. काकांनी चौकट परातीत आपटली. हितेश "छी छी छी" करत दोन पावलं मागे गेला.

जयश्री मात्र वाकून बघत राहिली. बराच वेळ. मग तिने ओढणीने डोळे पुसले, आणि मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती.

"एवढेसे?" ती म्हणाली. "एवढ्याशांनी माझं लग्न मोडलं असतं?"

मावशी तिच्याकडे बघत होत्या.

त्याच वेळी बाहेरून हाक आली. जयश्रीचे वडील, हिलालभाऊ, नंदुरबारहून सकाळच्या गाडीने आले होते. धोतर नाही, पँट-शर्ट, पण खांद्यावर उपरणं, आणि हातात लाल मिरच्यांची पिशवी. मुलीला परत न्यायला आलेला बापही रिकाम्या हाताने येत नाही. जयश्रीने त्यांना पाणी दिलं. हितेश गडबडीने आत गेला आणि तिची भरलेली बॅग उचलून बाहेर आणायला लागला.

"थांब!" मी एवढ्या जोरात म्हणाले की सगळे दचकले. "ती बॅग रात्रभर कुठे होती?"

"पलंगाच्या उशाशी," जयश्री म्हणाली. "भिंतीला टेकून."

"मग ती उघडल्याशिवाय या घराबाहेर जाणार नाही."

उन्हात गच्चीवर जाऊन मी एकेक साडी झटकली. तळाशी, बॅगच्या अस्तराच्या शिवणीत, एक ढेकूण होता. मी तो कापसावर घेऊन हिलालभाऊंना दाखवला. सगळं काकांनीच त्यांना सांगितलं, काही न लपवता; मी फक्त मध्ये मध्ये शास्त्रापुरती बोलले. "आज ही बॅग नंदुरबारला गेली असती तर महिनाभरात तुमच्याकडेही तिच्या अंगावर उठलं असतं," मी म्हटलं. "आणि मग सगळ्यांची खात्री पटली असती, की दोष तिच्यातच आहे."

हिलालभाऊंनी तो कापूस बघितला, मग मावशींकडे बघितलं. हळू बोलणारा माणूस होता. पोरगी त्यांच्यावर गेली होती.

"विहीणबाई," ते म्हणाले, "फोनवर तुम्ही म्हणालात, समोर बसून बोलू. मी समोर बसलोय."

मावशींनी पदर डोक्यावर घेतला. त्या म्हणाल्या, "खरं शे. घरमा निघनात." खरं आहे, घरात निघाले. त्यापुढे नाही.

"मग मी पोरीला नेतो," हिलालभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "दोषी म्हणून बोलावलं, तेव्हा मी आलो. आता ढेकणांच्या घरात ठेवून जाऊ? बॅग इथंच राहू दे. नेसत्या कपड्यांवर नेतो."

हितेश उभा राहिला. "बाबा, प्लीज..." तो सासऱ्यांना म्हणाला.

"दादा, मी येणार नाही," जयश्री म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मी आज गेले आणि ही खोली साफ झाली, तर सोसायटीत काय म्हणतील? जयश्री गेली आणि ढेकूण गेले. म्हणजे मीच आणले होते." ती वडिलांच्या समोर बसली. "मी इथं असताना ते गेले पाहिजेत. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग मी आषाढात हक्कानं येईन, तुम्ही न्यायला या."

मला हे सुचलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. हिलालभाऊंनी मिरच्यांच्या पिशवीकडे बघितलं. मग त्यांनी ती उचलून मावशींच्या समोर ठेवली.

"तुमचा फोन येईल तेव्हा येतो," ते मावशींना म्हणाले. "जे बोलायचं राहिलं, ते तेव्हा बोला."

पुढचं काम माझ्या आवडीचं होतं. मावशी रॉकेल शिंपडणार होत्या. ते मी करू दिलं नाही, घर पेटलं असतं आणि ढेकूण शेजारी, म्हणजे माझ्याकडे, आले असते. कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात गेल्या. जे उकळता येत नव्हतं ते काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवलं. मे महिन्यातली सुरतची गच्ची यासाठी उत्तम असते. काकांनी भिंतीच्या भेगांत व्हाइट सिमेंट भरलं. चौकट आणि प्लायवूड जाळलं, आप्पांना नवी चौकट आली. पर्वत पाटिया भागातून फवारणीवाला येऊन गेला आणि मी त्याला बजावलं, अंड्यांवर औषध चालत नाही, पिल्लं बाहेर पडली की पुन्हा यायचं.

"तोवर जयश्री समोरच्या खोलीत झोपेल," मावशी म्हणाल्या.

"खोली रिकामी ठेवून चालणार नाही, मावशी. माणूस दिसेनासं झालं की उरलेसुरले घरभर शोधत निघतात. पलंग भिंतीपासून सरकवू, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवू. पण कुणीतरी त्या खोलीत झोपलं पाहिजे."

"मग मी झोपते."

"आई, तुम्ही नको," जयश्री म्हणाली.

"का? मला चावलं तर तुला वाईट वाटेल?" मावशी फणकारल्या आणि उशी घेऊन आत गेल्या.

त्यानंतर रोज सकाळी ओट्यावर एक कार्यक्रम व्हायचा. मावशी बाही वर सारून दोन्ही हात मला दाखवायच्या. "बघ. काही नाही. गेले सगळे." मी म्हणायचे, अजून थांबा. शेजारच्या बायका हसायच्या. मावशी म्हणायच्या, माझं अंग खानदेशचं आहे, त्यावर उठायची हिंमत आहे का कुणाची.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. फवारणीवाला दुसऱ्यांदा यायचा होता. मी दूध घेऊन येत होते तर मावशी ओट्यावर बसलेल्या, आणि आज त्या काही दाखवत नव्हत्या. उलट पदर घट्ट ओढून घेतला होता. पण एक हात पदराखाली सारखा चालू होता.

जयश्री चहा घेऊन बाहेर आली. तिने कप ठेवला आणि सासूच्या दंडावरून पदर बाजूला केला. कुणालाही न विचारता.

तीन गांधी. एका ओळीत.

"नवी पिल्लं," मी म्हटलं. "चादर फरशीला टेकली असेल. आज फवारणीवाला येईल, संपेल सगळं. खाजवू नका मावशी, पिकतं."

जयश्री आत जाऊन मलमाची ट्यूब घेऊन आली. तीच, तिची अर्धी संपलेली. ती खाली बसून मलम लावायला लागली. मावशी तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"एवढं खाजतं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"रात्रभर डोळा लागला नाही माझा. आणि तू दोन महिने गप्प बसलीस?"

"गप्प नव्हते, आई," जयश्री म्हणाली. "सांगत होते."

तिने ट्यूबचं झाकण लावलं. मावशींनी चहाचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. मग त्यांनी ब्लाउजमध्ये खोचलेला फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि स्पीकर लावला, आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"हिलालभाऊ? मी रंभा बोलते. रविवारी या. समोर बसून बोलायचंय." त्यांनी जयश्रीकडे बघितलं. "दोष पोरीत नव्हता. आमच्यात होता. ते तुमच्यासमोर सांगायचंय."

मग त्यांनी कप पुन्हा उचलला आणि एक घोट घेतला.

"आणि मिरच्या आणा," मावशी म्हणाल्या. "मागच्या संपल्या."